पिवळ्या मातीवरचं आपलं भांडण

नसरीन, परवा तुझ्या मातीला आलो होतो.

कबरस्तानाच्या फाटकाशीच थांबलो होतो. तुझ्या घरची माणसं पुढं, मी आपला पटका बांधून मागं. वाटलं, आपलं काय काम आत. तर तुझा भाऊ गर्दीतून मागं आला, माझा दंड धरला आन म्हणला, "पीछे कायको खडे बाबा? आपा आपकोच बाबा बोलती थी. चलो, मिट्टी दो." लोकांनी वाट केली. मी वाकलो, मूठ भरली आन सवयीनं ती माती नाकाशी नेली. दोन बोटांत चोळून बघितली. मागच्यांना वाटलं म्हातारा काही पुटपुटायलाय. मी माती बघत होतो. काळी होती, जरा चुनखडीची, वास चांगला. मग सोडली हातातून.

तू बघितलं असतंस तर तिथंच ओरडली असतीस. बिनहातमोज्याची माती चोळू नका म्हणून किती वेळा सांगितलं होतंस.

तुझ्या माती-पाणी तपासायच्या ऑफिसातली माणसं तुझ्यावर एक पुस्तिका काढायलीत. माझ्याकडं आली होती. म्हणली, बाबा, तुम्ही बोला, आम्ही लिहून घेतो. मी म्हणलो, तुम्ही कामून लिहून घेता? मी लिहीन. दुसरीतून शाळा सुटली ती मेंढ्यांमागं, अक्षर वेडंवाकडं हाय, पण माझं हाय. तू किती शिकली होतीस, कुठं कुठं नोकरी केलीस, ते बाकीचे लिहितील. मला ते पुरतं ठावं बी नाय. मला आपलं भांडण तेवढं ठावं हाय. ते मिटलं नाय, हे ह्या लोकांना कुणी तरी सांगायला पाहिजे.

तू पहिल्यांदा आलीस तव्हा दुष्काळ चालू होता. कारखान्यांच्या वसाहतीच्या रस्त्यानं दिवसभर पाण्याचे टँकर जायचे. चिकलठाण्याची कितीक गेटं बंद पडलेली. कुणी वाळूजला गेलं, कुणी बिडकीनकडं जागा बघितली, कुणी नुसतंच कुलूप लावून पसार झालं. आमची कंपनी पसार होणाऱ्यातली. लोखंडी नळांना, दांड्यांना चकाकी चढवायचं काम. मालक गेला, कामगार गेले, यंत्रं भंगारात गेली, वरचे पत्रे बी गेले. मागं राहिलं पडीक रान, पाण्याच्या हौदांचे खड्डे आन मी. मला गेटावर राखणीला ठेवलं होतं. काय राखायचं ते कुणी सांगितलं नव्हतं.

मी मनात ठरवलं होतं काय राखायचं ते. कंपनीच्या आधी ती जागा गायरान होती. माझ्या बापाचा वाडा तिथं पडायचा, म्हंजे मेंढ्यांचा तळ. मी चालायला तिथंच शिकलो. कंपनी आली तव्हा बापानं मेंढ्या हाकलून नेल्या आन परत त्या वाटंनं आला नाय. मला एवढंच पाहिजे होतं, मरायच्या आधी त्या रानात एकदा मेंढ्या बसलेल्या बघायच्या. हे मी तुला पहिल्याच दिवशी सांगितलं. तू आलीस स्कुटीवर, मागं लांब लोखंडी गिरमिट बांधलेलं, जमिनीत भोक पाडून खालची माती वर काढायचं.

"बाबा, गेट खोलो."

"काय काम हाय?"

"माती न्यायचीय."

"माती न्यायला मॅडम लागती व्हय? गाढवं लागत्यात."

"गाढवं मिळाली नाहीत, म्हणून मला पाठवलंय."

मला हसू आलं, पण मी दाखवलं नाय. गेट उघडलं.

तू गिरमिट फिरवलंस आन जुन्या हौदाच्या कडंला माती वर आली ती पिवळीजर्द. हळद कालवल्यासारखी. तुझा चेहरा उतरला. तू म्हणलीस, क्रोम आहे, त्या चकाकीचं जहर, लई आहे, खाली किती गेलंय देव जाणे. मी म्हणलो, त्यात काय घाबरायचं? जमीन उपाशी असली की अशीच करती. मग तुला आमची रीत सांगितली. उन्हाळ्यात शेतकरी धनगराला बोलावतो, मोकळ्या रानात रातभर मेंढ्या बसवतो. लेंडी पडती, मूत पडतं, त्यांच्या अंगाची ऊब मातीला लागती. रोज वाडा थोडा थोडा पुढं सरकवायचा. सगळं रान झालं की धनगर धान्य घेऊन पुढच्या गावाला. जिथं कुसळ उगवत नव्हतं तिथं मी पुरुषभर ज्वारी बघितलीय. "एक उन्हाळा दे मला," मी म्हणलो. "मेंढ्या बसवतो. बघ कशी होती ती."

"और मेंढ्या काय खातील इथं?"

"मेंढी आपलं बघून खाती."

"बाबा, ह्या जहराला वास नाही, चव नाही. मेंढीला कसं कळणार?"

"तुला कळतं आन मेंढीला कळत नाय?"

"मला पण कळत नाही. मशीनला कळतं."

"मग मशीनला बसव रानात."

तिथून सुरू झालं.

त्याच आठवड्यात तू आमच्या खोलीवर आलीस. आमच्या म्हातारीनं चहा ठेवला. तू कपाकडं बघितलंस आन विचारलंस, पाणी कुठलं? म्हातारीचा हात तिथंच थांबला. मला असा राग आला म्हणून सांगू. उभ्या जन्मात आमच्या घरच्या पाण्याला कुणी नाव ठेवलं नव्हतं, आन ही कालची पोरगी. म्हातारी म्हणली, टँकरचं हाय. तू कप उचललास, घटाघटा प्यालीस, वर दुसरा मागितलास. मग हळूच म्हणलीस, "अम्मा, कंपनीच्या बोअरचं पाणी भांड्याला पण वापरू नका." म्हातारी माझ्याकडं बघायली. भांडी त्याच पाण्यानं घासायचो आम्ही. दुष्काळात जे हाती येईल ते.

दुसऱ्या दिवशी तू त्या बोअरला टोपण ठोकलंस. वस्तीतल्या बाया गेटावर आल्या, तुला नाय नाय ते बोलल्या. तू ऐकून घेतलंस. मी बी बोललो त्यांच्यात. मग तू टँकरवाल्याच्या मागं लागलीस, ऑफिसातून फोन केलेस, टँकर वस्तीपर्यंत आणलास आन पहिल्या दिवशी स्वतः पाइप धरून उभी राहिलीस. ओढणी सगळी भिजली. म्हातारी मला म्हणली, "पोरगी चांगली हाय. तुमच्यासारखीच हेकट हाय."

मी काय ऐकतोय. मी तेलाचे रिकामे डबे आणले. पिवळी माती भरली. बिरा, माझ्या बहिणीचा पोरगा, देवगाव रंगारीकडं मेंढ्या घेऊन फिरतो, त्याच्याकडून पोतंभर लेंडी आणली. अर्ध्या डब्यांत मिसळली, अर्ध्यांत नाय. पाणी घालून ठेवून दिलं. काही हप्त्यांनी लेंडीच्या डब्यातला पिवळा रंग गेला. गेला म्हंजे गेलाच. वर मेथी टाकली, ती बी वर आली. मी ते डबे गेटासमोर ओळीनं मांडले आन तुझी वाट बघत बसलो. मला वाटलं, आता मॅडम हात जोडतील.

तू आलीस, डब्यांपाशी बसलीस, माती बघितलीस आन हसायला लागलीस.

"बरोबर आहे बाबा. लेंडीनं क्रोमचं जहर लई कमी होतं. आमच्या पुस्तकात पण आहे."

"तुला ठावं होतं?"

"हौ."

"मग इतके दिवस माझ्यासंगं कामून भांडलीस?"

"मी लेंडीला कुठं नाही बोलले? मी मेंढ्यांना नाही बोलले. आणि आधीच हौ बोलले असते, तर तुम्ही कशाला डबे भरले असते?"

 मी मेथी खुडायला हात घातला. तू मनगट धरलंस माझं. जोरात धरलंस. क्रोमचं ठीक आहे, पण ह्यात निकेल आहे, दुसरंही हाय, ते लेंडीनं जात नाय, मातीतच राहतं आन हिरव्या पाल्यातून वर येतं, असं तू म्हणलीस. मी म्हणलो, किती टवटवीत हाय बघ. तू म्हणलीस, टवटवीत आहे म्हणूनच भीती वाटते, सुकली असती तर कुणी खाल्ली नसती. ती मेथी तू मुळासकट पिशवीत घातलीस आन घेऊन गेलीस. मला एक काडी ठेवली नाय. त्या दिवशी मी जेवलो नाय. म्हातारी म्हणली, राग आला म्हणून नव्हं, तुम्ही हरलात म्हणून नाय जेवलात. मी हरलो नव्हतो. अर्धा जिंकलो होतो.

मग ती साहेब लोकांची बैठक. तू मला मुद्दाम नेलंस. भिंतीवर नकाशा, त्याच्यावर आपलं रान लाल-पिवळं रंगवलेलं. शहर तोवर चहूबाजूंनी येऊन भिडलं होतं. एक साहेब म्हणला, माती उकरून बाहेर नेऊ, वर इमारती बांधू, गिऱ्हाईक रांगेत उभं हाय. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी हात वर केला नाय, तसाच बोललो. "माती कुठं नेणार?" साहेब म्हणला, बाहेर. मी म्हणलो, "बाहेर म्हंजे कुणाच्या दारात?" तो तुझ्याकडं बघायला लागला. तू नकाशाकडं. रिक्षात बसल्यावर तू म्हणलीस, बाबा, मलाच हे विचारायला पाहिजे होतं, माझ्या डोक्यात नकाशाच्या बाहेर काही नव्हतंच. एवढं मोठं मन करून बोललीस, आन मी काय बोललो? "मग मेंढ्या बसव की." तू कपाळाला हात लावलास.

पण त्या रिक्षात आपलं ठरलं. आधी दोघांनी मिळून इमारती थांबवायच्या, मग मेंढ्यांवर भांडायचं. तुझ्या शब्दाला तू जागलीस. तिथं पोरंबाळं राहणार, दारात भाजी लावणार, माती तोंडात घालणार, हे तू प्रत्येक टेबलावर जाऊन सांगितलंस. एक साहेब तुला म्हणला बी, मॅडम, तुम्हाला शहराची प्रगती नको का. तू मला येऊन सांगितलंस आन चिडून रडलीस. मी तुला पाणी दिलं. टँकरचंच होतं.

शेवटी ते मानले. सगळ्यात वाईट माती तेवढी उकरून, बंद गाडीतून, अशा मालासाठी केलेल्या पक्क्या जागी गेली. तू त्या गाडीमागं स्कुटीवर गेलीस, कुठं टाकतात ते डोळ्यानं बघून आलीस आन मला येऊन सांगितलंस, कुणाच्या दारात नाही बाबा, बघून आले. बाकी रानावर लेंडीखत, वर चिकणमाती दाबून, वर मुरूम, वर काळी माती आन गवत. इमारत नाय, भाजी नाय, बोअर नाय. लोकांनी फिरावं, बसावं, पोरांनी खेळावं. लेंडी कुठून आणायची म्हणून ऑफिस विचारत होतं. तू माझं नाव सांगितलंस. मी बिराला सांगितलं, बिरानं सगळ्या भावकीला. ट्रॉल्यांवर ट्रॉल्या आल्या. बिरा डोकं खाजवत म्हणायचा, "मामा, मेंढी नको आन लेंडी पाहिजे, हे कसलं गिऱ्हाईक?" मी म्हणायचो, शिकलेलं हाय.

मला त्या दिवसांत लई सुख होतं, हे तुला बोललो नाय. लेंडी पसरताना वास उठला तो माझ्या बापाच्या वाड्याचा वास. मी पाठ करून उभा राहिलो. तुला वाटलं धूळ गेली डोळ्यात. तू ओढणीचं टोक पुढं केलंस.

गवत उगवायच्या टायमाला तू आजारी पडलीस. मधी एकदा आलीस, भावाच्या गाडीत बसून. डोक्याला रुमाल, गालाची हाडं वर आलेली. गेटाजवळ माझ्या खाटेवर बसलीस आन म्हातारीला म्हणलीस, अम्मा, भाकर द्या, ठेचा द्या, घरी सगळे मला सूप पाजून मारायलेत. अर्धी भाकर खाल्लीस. मला वाटलं, आता ही नरम पडलीय, आता विचारावं.

"एक कोपरा दे," मी म्हणलो. "उत्तरंचा. तिथं कंपनीचं काहीच नव्हतं, सायकली उभ्या करायचे."

"तिथं पण बघितलं, बाबा. तिथं पण आहे. कमी आहे, पण आहे. पावसाच्या पाण्यासंगं आलं असेल."

"वरून नवीन माती टाकलीय की."

"मेंढ्या खुरांनी उकरतील. खालचं वर येईल. दूध पिणाऱ्या पिलांचं काय?"

"एक रात फक्त."

"एक रात नाही."

"तू लई हट्टी हायेस."

"आणि तुम्ही?"

 तू दम खाल्लास. मग म्हणलीस, "मी नसले तरी नाही, बाबा." मला ते बोलणं सोसलं नाय. मी तुला म्हणलो, तू असल्या गोष्टी बोलायच्या नाय आन मेंढ्यांना नाय म्हणायचं नाय, दोन्ही बंद कर. तू हसलीस. भावानं तुला उठवलं, गाडीत बसवलं. काच खाली करून तू अजून काय तरी म्हणलीस, पण गाडी चालू झाली होती, मला ऐकू आलं नाय. मी हात वर केला. ऐकू आलं असं दाखवलं. ते काय होतं, हे मी तुझ्या भावाला बी विचारलं. त्याला आठवत नाय.

आता तुला सांगायचं ते हे.

तुझ्या मातीहून घरी आलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारनंतर बिरा आला. मेंढ्यांचा सगळा खांड घेऊन. यंदा परत पावसानं तोंड फिरवलंय, कन्नड तालुक्यात चाऱ्याची काडी राहिली नाय म्हणून ते गोदावरीकडं निघालेत. सगळ्या रस्त्यानं धूळ खात आलेली जनावरं, आन आपलं रान हिरवंगार. शहराचं साफ केलेलं पाणी त्याला मिळतं, तूच ते लावून दिलंस. मेंढ्यांनी गवताचा वास घेतला आन गेटाला येऊन भिडल्या. अशा ओरडायला लागल्या की वस्तीतली माणसं बाहेर आली.

बिरानं रामराम केला. "मामा, आजची रात बसवू द्या. तुमचंच तर म्हणणं होतं."

"नाय."

"काय नाय?"

"इथं मेंढ्या बसायच्या नायत."

त्याला वाटलं मी गंमत करतोय. माझ्या म्हातारीकडं बघून हसला. म्हातारी मला म्हणली, "एक रातीनं काय होतंय? जनावरं बघा कशी झालीत." तिचं खोटं नव्हतं. पुढच्या मेंढीच्या पोटाखाली दोन दिवसांचं पिलू होतं, पाय फाकवून उभं, नुसतं थरथरत. माझा हात कडीवर गेला, नसरीन. मी खोटं सांगत नाय. बापाचं रान, बहिणीच्या लेकराचा खांड, मागं दिवस कलायला लागलेला. आयुष्यभर ज्याची वाट बघितली ते गेटापाशी येऊन उभं होतं, आन कडी माझ्याच हातात होती.

मग ते पिलू मेंढीचं दूध प्यायला लागलं.

मी कडीवरचा हात काढला आन काठी आडवी धरली.

बिरा चिडला. "मामा, ती बाई गेली ना आता? आता कोण येतंय बघायला? कोणाला भ्यायलाव?"

"मी कोणाला भ्यालोय रे आजवर?"

"मग काय झालं? रान आपलं, आजाचं. गेटावर तुम्ही. आन दारातून परत लावता? माझ्या आईला काय सांगू मी?"

"सांग, मामानं परत लावलं."

"कधी बसवायच्या मग? ह्या साली नाय, पुढच्या? कधी तरी सांगा."

आन मी म्हणलो, "मॅडम सांगतील तव्हा."

तोंडातून निघून गेलं. मी ठरवून बोललो नाय. बिरा माझ्याकडं बघतच राहिला. आदल्याच दिवशी मी तुझ्या मातीहून आलो, हे त्याला ठावं होतं. म्हातारीनं पदर तोंडाला लावला.  बिरानं पटका सारखा केला, शीळ घातली आन खांड रस्त्याला वळवला. मी त्यांच्यासंगं चालत करमाडच्या वाटंला गेलो, ओळखीच्या शेतकऱ्याचं मोकळं रान होतं तिथं वाडा घालून दिला, पिलांना पाणी पाजलं आन माघारी आलो. बिरा जाताना पाया पडला. बोलला मातर नाय.

आता माझा शब्द गेलाय तोंडातून. मी शब्द फिरवत नाय, हे तुला ठावं हाय. म्हंजे आता तू सांगितल्याबिगर त्या रानात मेंढी पाय ठेवायची नाय. मी हाय तोवर नाय, आन माझ्यामागं गेटावर जो येईल त्याला बी तेच सांगून ठेवणार हाय. तुझी परवानगी आणा म्हणून.

पण मी ऐकलं असं समजू नको. उत्तरंच्या कोपऱ्याबद्दल माझं म्हणणं अजून हाय तेच हाय.